शेंगा सांडल्या, तं पोलीस कायले आले?

यवतमाळातला मे महिना. अभ्यासिकेतला कूलर घरघरतोय, त्यातली खस केव्हाच वाळून गेली आहे. समोर पंधरा-वीस पोरंपोरी बसली आहेत. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी तलाठ्याची, कुणी लोकसेवा आयोगाची. फळ्यावर मी एक इंग्रजी वाक्य लिहिलं आहे : ‘वन ऑफ द थीव्ज स्पिल्ड द बीन्स, अँड द पोलीस अरेस्टेड देम ऑल.’

घाटंजीकडचा एक मुलगा उठला. घरची कोरडवाहू शेती, कपाशीत तूर. त्यानं शब्दाला शब्द लावत अर्थ सांगितला, ‘चोरांपैकी एकाने शेंगा सांडल्या आणि पोलिसांनी सगळ्यांना अटक केली.’ मग वहीत डोकं घालून थोडा वेळ बसला आणि म्हणाला, ‘‘सर, शेंगा सांडल्या तं सांडल्या, पोलीस कायले आले?’’

वर्ग हसला. मला मात्र त्या प्रश्नाचा आनंद झाला, कारण इंग्रजी वाक्प्रचार समजून घ्यायची सुरुवात नेमकी इथून होते. बाकीच्या पोरांनी ‘स्पिल द बीन्स म्हणजे गुपित फोडणे’ असं गाइडातून पाठ केलं होतं. पाठ केलेलं परीक्षेच्या दिवशी सुटतं. याला मात्र वाक्यातला खड्डा दिसला होता. शब्द सगळे ओळखीचे, व्याकरण नीट, आणि तरी अर्थाचं चाक काळ्या मातीत रुतावं तसं रुतलं, की समजावं इथे वाक्प्रचार आहे.

वाक्प्रचाराला इंग्रजीत ‘इडियम’ म्हणतात. तो शब्द मूळ ग्रीक, ‘इडिओस’पासून आलेला. त्याचा अर्थ स्वतःचं, खासगी. ‘इडियट’ हा शब्दही त्याच मुळातला : आपल्यापुरतं पाहणारा, चार लोकांच्या कामात न पडणारा माणूस. म्हणजे इडियम समजला नाही म्हणून स्वतःला इडियट समजायचं कारण नाही, दोघं एकाच घरचे आहेत. वाक्प्रचार ही एका भाषेच्या घरातली खासगी बाब असते, बाहेरून आलेल्या पाहुण्याला ती पहिल्या फटक्यात कळायची नाही. म्हण आणि वाक्प्रचार यांतला फरकही इथेच सांगून टाकतो. म्हण हे पूर्ण वाक्य असतं, एकटं उभं राहतं. वाक्प्रचाराला कुणाच्या तरी वाक्यात शिरून, क्रियापद होऊन काम करावं लागतं. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण. ‘नाकी नऊ येणे’ हा वाक्प्रचार. नाकाशी नऊ काय आले, हे आपण मोजायला जात नाही आणि त्यावाचून आपलं अडतही नाही.

आपल्या घरचं आपल्याला दिसत नाही, याचं झकास उदाहरण पावसाचं आहे. इंग्रजीत ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हटलं की पोरं खो खो हसतात. मांजरं-कुत्री कशी पडतील आभाळातून? मग मी विचारतो, आपल्याकडे मोठा पाऊस आला की काय म्हणता? ‘मुसळधार.’ म्हणजे आभाळातून मुसळं पडतात. मांजर अंगावर पडलेलं एक वेळ परवडेल. जन्मभर आपण हा शब्द वापरतो आणि त्यातलं मुसळ कुणाला दिसत नाही. इंग्रज माणसालाही मांजरं-कुत्री दिसत नाहीत. जोनाथन स्विफ्टनं १७३८ साली उच्चभ्रूंच्या शिळ्या गप्पांची टिंगल करणारं एक पुस्तक काढलं, त्यातही हा वाक्प्रचार आहे. म्हणजे तेव्हाच तो घासून गुळगुळीत झालेला होता. आमच्या गाइडांमध्ये मात्र अजून पहिल्या पानावर असतो.

आता फळ्यावरच्या वाक्याकडे परत. शेंगांचा नाद सोडून मी त्या मुलाला आजूबाजूचे शब्द पाहायला सांगितले. सुरुवातीला काय आहे? चोरांपैकी ‘एक’. शेवटी काय आहे? पोलिसांनी ‘सगळ्यांना’ धरलं. एकानं काहीतरी केलं आणि त्याचा भोग सगळ्यांना. असं काय करता येईल एकाला? तो म्हणाला, ‘‘मंग त्यानं सांगून देल्लं असन सारं.’’ झालं. कोश न उघडता अर्थ हाती आला. अनोळखी वाक्प्रचाराचा अर्थ दहापैकी सहा-सात वेळा त्याच्या शेजाऱ्यांकडे विचारपूस केली की मिळतो. निदान एवढं तरी कळतं की गोष्ट चांगली झाली की वाईट, कुणाच्या फायद्याची, कुणाच्या तोट्याची. चार पर्यायांच्या परीक्षेत त्यातले दोन पर्याय तेवढ्यानंच गळतात.

पण मी तिथे थांबत नाही. अर्थ मिळाला, आता चित्र पाहायचं. खळ्यावर तुरीचा कट्टा उचलताना त्याचं तोंड सुटलं तर काय होतं, हे घाटंजीच्या पोराला मी काय सांगणार? दाणे मातीत जातात, फटीत जातात, गोळा करायला बसलं तरी सगळे परत येत नाहीत. तोंडातून गेलेली गोष्टही तशीच. ‘सांडणे’ म्हणजे बाहेर जाऊ देणं, ‘शेंगा’ म्हणजे गुपित. चित्र एकदा डोळ्यांपुढे उभं राहिलं की पाठ करावं लागत नाही. या वाक्प्रचाराची एक कहाणी सर्रास सांगितली जाते, की प्राचीन ग्रीसमध्ये दाणे टाकून गुप्त मतदान व्हायचं, भांडं लवंडलं की निकाल फुटायचा. कहाणी गोड आहे, पण हा प्रयोग या अर्थानं दिसू लागतो तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत. मधली दोन हजार वर्षं ते दाणे कुठे होते, हे कहाणी सांगणारे सांगत नाहीत. वाक्प्रचारांच्या उगमाच्या कहाण्या लक्षात ठेवायला सोयीच्या म्हणून वापराव्यात, इतिहास म्हणून छातीठोकपणे सांगू नयेत.

आणि मग गंमत. याच्या उलट अर्थाचा मराठी वाक्प्रचार कोणता, म्हणून विचारलं. गुपित अजिबात बाहेर पडू न देणे. मागच्या बाकावरून एका मुलीनं सांगितलं, ‘ताकास तूर लागू न देणे.’ इंग्रजांचं गुपित फुटतं तेही कडधान्यात आणि आपलं टिकतं तेही कडधान्यात! वर्गाला हे इतकं आवडलं की पुढचा अर्धा तास तुरीवरच गेला. ‘बाजारात तुरी, भट भटणीला मारी’ : तूर अजून बाजारातच, आणि घरात तिच्यावरून भांडण. इंग्रज तेच कोंबडीच्या पिल्लांवरून सांगतो, अंडी उबायच्या आत पिल्लं मोजू नका. ‘हातावर तुरी देणे’ म्हणजे निसटून जाणे. इंग्रजीत ‘गिव्ह समवन द स्लिप’. यवतमाळच्या शिवारात कपाशीच्या तासांमधून तुरीची ओळ असते, तशीच ती आपल्या बोलण्यातही पेरलेली आहे.

सगळेच वाक्प्रचार असे सहज जुळत नाहीत, आणि न जुळणाऱ्यांतूनच जास्त शिकायला मिळतं. एकदा मी वाक्य दिलं : ‘शी सेव्ज सम मनी फॉर अ रेनी डे.’ राळेगावकडच्या एका मुलीनं अर्थ लिहिला, ‘ती पेरणीसाठी पैसे साठवते.’ मी विचारलं, पेरणी कुठून आली? ती म्हणाली, ‘‘पावसाचा दिवस म्हणजे मिरग ना, सर. बियाणं-खताले पैसा लागते.’’

परीक्षेत तिला शून्य मिळालं असतं. पण तिच्या जागी मी असतो तर मलाही दुसरा अर्थ सुचला नसता. इंग्लंडात पाऊस बारा महिने येऊन-जाऊन असतो. तिथे पाऊस म्हणजे खोळंबा, बाहेरची कामं बंद, अंग भिजलेलं आणि मन उदास. म्हणून ‘पावसाळी दिवस’ म्हणजे अडचणीचा दिवस. ‘सेव्ह फॉर अ रेनी डे’ म्हणजे अडीअडचणीला म्हणून गाठीशी दोन पैसे ठेवणे. आपल्याकडे ७ जूनला मृग लागतो आणि त्याच्या आधीपासून अख्खं गाव आभाळाकडे डोळे लावून बसतं. इथला अडचणीचा दिवस पाऊस येतो तो नव्हे. आभाळ भरून येतं, चार थेंब टाकून निघून जातं आणि दुबार पेरणी डोक्यावर बसते, तो. म्हणून ‘एव्हरी क्लाउड हॅज अ सिल्व्हर लायनिंग’ हेही आमच्या पोरांना उलटं वाटतं. ढगाला चांदीची किनार आहे हे सांगून धीर कसला देता? इथे अख्खा ढगच चांदीचा.

ऊन-थंडीचंही तसंच. थंड देशात ऊब म्हणजे प्रेम, म्हणून ‘वॉर्म वेलकम’. गार म्हणजे परकं, म्हणून ‘कोल्ड शोल्डर’. अनोळखी माणसांतला संकोच मोडणं म्हणजे ‘ब्रेक द आइस’, बर्फ फोडणं. आणि आपल्याकडे? पोरगं नोकरीला लागलं की आईचे ‘डोळे थंड होतात’. गोड बोलणाऱ्यामुळे जिवाला गारवा येतो. मोठ्या माणसाचा आधार म्हणजे ‘सावली’. मे महिन्यात यवतमाळात पारा पंचेचाळिशीकडे निघालेला असताना ‘उबदार स्वागत’ करतो म्हणणाऱ्याला पाहुणा हात जोडेल आणि गार पाणी मागेल. तरी वर्तमानपत्रांनी ‘उबदार स्वागत’ आणि ‘हिमनगाचे टोक’ मराठीत आणून बसवलंच आहे. हिमनग न पाहिलेले आम्ही लोक घोटाळ्याच्या प्रत्येक बातमीत त्याचं टोक पाहतो.

असे इंग्रजीतून आलेले वाक्प्रचार मराठीत इतके रुळलेत की त्यांची पाटी वाचायला थांबावं लागतं. ‘सिंहाचा वाटा’ इसापच्या गोष्टीतला. ‘पांढरा हत्ती’ सयामच्या राजाच्या नावानं सांगितल्या जाणाऱ्या कथेतला. ‘हिरवा कंदील’ रेल्वेतला, आणि तो मला विशेष आवडतो, कारण इंग्रजीत नुसता हिरवा सिग्नल किंवा दिवा आहे, मराठीनं तो गार्डाच्या हातातला कंदील करून घेतला. यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतला ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. कापूस वाहून नेण्यासाठी किलिक निक्सन कंपनीनं टाकलेली ही नॅरोगेज, १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. ‘लेट ऑफ स्टीम’ म्हणजे काय, हे मी वर्गात शब्दांनी समजावतो. स्टेशनात उभ्या इंजिनाला कोंडलेली वाफ सूं करून सोडताना ज्यांनी पाहिलं त्यांना समजवावं लागत नाही : आत दाबून ठेवलेला राग, ताण कुठेतरी मोकळा करणे.

तेव्हा अर्थ लागला की पुढचा प्रश्न विचारायचा : हे पहिल्यांदा कुणाच्या हातात होतं? कोणत्या धंद्यातलं आहे? एका देशाचे लोक शतकानुशतकं ज्या कामात गढलेले असतात, त्या कामातून त्यांचं बोलणं उचललेलं असतं. इंग्रजांचा मोठा ढिगारा जहाजावरून उतरलेला आहे. समुद्र आमच्यापासून लांब. पाणी म्हणजे वर्धा आणि पैनगंगा, त्याही उन्हाळ्यात पायी ओलांडण्याजोग्या. म्हणून ‘लर्न द रोप्स’ हे आमच्या पोरांना ‘फाशीची तयारी’ वाटतं. शिडाच्या जहाजावर नव्या खलाशानं आधी कोणता दोर कशाचा हे शिकायचं, यावरून कामाच्या खाचाखोचा शिकणे. क्रिकेटचे वाक्प्रचार मात्र न शिकवता येतात. ‘ऑन द बॅक फूट’, ‘बोल्ड ओव्हर’ : इथे मास्तरनंच मुलांकडून शिकावं. बायबलचे त्याच्या उलट, गोष्ट माहीत नसेल तर काहीच लागत नाही. ‘द रायटिंग ऑन द वॉल’ म्हणजे येऊ घातलेल्या नाशाची स्पष्ट खूण. बाबिलोनच्या राजवाड्यात मेजवानी चालू असताना भिंतीवर हात उमटून लिहू लागतो, ती दानिएलच्या ग्रंथातली गोष्ट आहे. गंमत म्हणजे याच यवतमाळात १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, मग ती पुण्याला गेली. तिथे हे वाक्प्रचार मुळासकट शिकवले जात असणार, आणि गावातली मुलं मात्र ते गाइडातून पाठ करत होती.

कापडाचा धंदा घ्या. आमचा जिल्हा कापसाचा. इथली रुई मुंबई बंदरातून इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत जायची. पण इंग्रजी बोलण्यातलं कापड पाहिलं तर ते बहुतेक लोकरीचं, कारण कापूस तिथे पोचायच्या आधी कित्येक शतकं इंग्लंड मेंढीवर जगत होतं. ‘पुल द वूल ओव्हर समवन्स आइज’, डोळ्यांवर लोकर ओढणे, म्हणजे डोळ्यांत धूळ फेकणे. ‘डाइड इन द वूल’, म्हणजे सूत कातण्याच्याही आधी, लोकर असतानाच रंगवलेला. तो रंग जाणार नाही. आपण अशा माणसाला ‘हाडाचा’ म्हणतो, हाडाचा शेतकरी, हाडाचा शिक्षक. आणि ‘ऑन टेंटरहुक्स’. धुतलेलं लोकरी कापड आटू नये म्हणून चौकटीवर आकड्यांना ताणून वाळत घालायचे, ती चौकट म्हणजे टेंटर. त्या आकड्यांवर ताणलेला माणूस म्हणजे निकालाच्या आदल्या रात्रीचा उमेदवार. मराठीत त्याचा ‘जीव टांगणीला लागतो’. दोन्हीकडे माणूस लटकलेलाच आहे.

‘स्पिन अ यार्न’ म्हणजे लांबलचक, बरीचशी रचलेली गोष्ट सांगणे. खलाशी दोरखंडाचे धागे वळत बसायचे आणि वेळ जावा म्हणून गोष्टी सांगायचे, असं त्याचं मूळ सांगतात. आपल्याकडेही माणूस ‘चऱ्हाट लावतो’. चऱ्हाट म्हणजे दोरच. मात्र ही जोडी लावताना सावध राहायला हवं. इंग्रजी यार्न ऐकायला मजा येऊ शकते. चऱ्हाट लागलं की ऐकणारा घड्याळाकडे बघतो.

सोनाराकडे जा. इंग्रज सोनं खरं की खोटं हे तीव्र आम्ल टाकून पाहायचा, म्हणून ‘अ‍ॅसिड टेस्ट’. आपला सोनार काळ्या दगडावर कस घासायचा, म्हणून ‘कसोटी’. कचेरीत जा. तिकडे कागदपत्रं लालसर फितीनं बांधायचे, म्हणून ‘रेड टेप’, आणि मराठीत ‘लालफीतशाही’. पण आपल्या दप्तरखान्यांत कागद कापडात बांधले जायचे. पेशवे दप्तरातल्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात. पोथी गुंडाळायचं कापड ते बासन. म्हणून आपल्याकडे अहवाल ‘बासनात गुंडाळला’ जातो. फितीत अडकलेला कागद निदान टेबलावर तरी असतो, बासनातला कपाटात गेला. माझ्या मते आपला वाक्प्रचार जास्त अनुभवी आहे.

आणि सगळ्यात लाडका : ‘कॅरी कोल्स टू न्यूकॅसल’. न्यूकॅसल हे इंग्लंडचं कोळशाचं गाव, तिथे कोळसा नेऊन विकणे म्हणजे फुकटचा उपद्व्याप. हे समजावताना मला एक शब्दही बोलावा लागला नाही. वणीची एक मुलगी होती वर्गात. ती म्हणाली, ‘‘म्हणजे आमच्या वणीले कोळसा नेणं.’’ रस्त्यावरून कोळशाचे ट्रक धुरळा उडवत जाताना बघत मोठी झालेली पोर. याहून चांगलं भाषांतर कोणत्या कोशात सापडणार?

आता इशारा. मराठी जोडीदार शोधण्याची सवय लागली की माणूस फसतो, कारण काही वाक्प्रचार चेहऱ्यानं जुळे आणि स्वभावानं वैरी असतात. विशेषतः शरीराच्या अवयवांचे. ‘पोक युअर नोज’ आणि ‘नाक खुपसणे’ तंतोतंत एक. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ आणि ‘काणाडोळा करणे’ हेही एक, दोन्हीकडे आंधळा डोळाच कामाला येतो. कोपनहेगनच्या लढाईत, १८०१ साली, माघारीचा इशारा आला तेव्हा एका डोळ्यानं अधू असलेल्या इंग्रज नौसेनानी नेल्सननं दुर्बीण त्याच डोळ्याला लावली आणि मला काही दिसत नाही म्हटलं, अशी कथा सांगतात. इथवर ठीक. पण ‘वॉश युअर हँड्स ऑफ समथिंग’ घ्या. त्याचा अर्थ जबाबदारी झटकणे, अंग काढून घेणे. मराठीत ‘हात धुऊन घेणे’ म्हणजे संधी साधणे, आणि ‘हात धुऊन मागे लागणे’ म्हणजे पिच्छा पुरवणे. पाणी तेच, हात तेच, अर्थ तीन दिशांना. ‘द मिनिस्टर वॉश्ड हिज हँड्स ऑफ द डील’ याचा अर्थ वर्गातल्या निम्म्या पोरांनी ‘मंत्र्यानं व्यवहारात हात धुऊन घेतले’ असा लिहिला. अर्थ साफ उलटा, पण खोटा आहे असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

‘बाइट युअर टंग’ म्हणजे बोलायचं तोंडावर आलेलं आवरणे. आपण जीभ चावतो ती बोलून चुकल्यावर. ‘पुल समवन्स लेग’ म्हणजे गंमत करणे. आपण कुणाचा पाय ओढतो तो त्याला वर जाऊ न देण्यासाठी. ‘कीप अ‍ॅन आय ऑन माय बॅग’ म्हणजे माझ्या पिशवीकडे लक्ष ठेवा. त्याचं ‘पिशवीवर डोळा ठेवा’ असं भाषांतर केलं तर बसस्थानकावर भांडण होईल. वाफही तशीच : ‘लेट ऑफ स्टीम’ केलं की हलकं वाटतं, ‘तोंडाची वाफ दवडली’ की बोलणं वाया गेलं. म्हणून जोडीदार सापडला की त्याला मूळ वाक्यात बसवून बघायचं. शेजारचे शब्द त्याला सामावून घेतात का? घेत नसतील तर तो नातेवाईक नव्हे, नुसता आडनावबंधू.

वाक्प्रचाराचा साचाही पाहावा लागतो. ‘नाकी नऊ’चं ‘नाकी दहा’ होत नाही, कितीही त्रास झाला तरी. इंग्रजीत ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे. त्यात ‘द बकेट वॉज किक्ड’ असं उलटवलं की बादलीच लाथाडली गेली, माणूस मेला नाही. पण ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ चालतं. असं का? शेंगांच्या बाबतीत अर्थाचे तुकडे पाडता येतात : सांडणे म्हणजे उघड करणे, शेंगा म्हणजे गुपित. ‘किक द बकेट’मध्ये बादली म्हणजे काय, हे वेगळं सांगता येत नाही, सगळं मिळून एकच अर्थ. ज्याचे तुकडे पडतात तो वाकतो, ज्याचे पडत नाहीत तो गोठलेला. काळ मात्र दोघांचाही बदलतो, क्रियापद चालूच राहतं.

सगळ्यांत जास्त घाम फुटतो तो ‘पुट ऑफ’, ‘पुट आउट’, ‘पुट अप विथ’ अशा जोडक्रियापदांनी. एकच ‘पुट’ : सभा पुढे ढकलतो, आग विझवतो, त्रास सहन करतो. पोरं वैतागतात, हे कसं लक्षात ठेवायचं? मी म्हणतो, तुम्ही सकाळपासून हेच करताय. ‘जेवण करून टाकलं’ म्हणता, तेव्हा काय फेकता? ‘पैसे हरवून बसला’ म्हणता, तो तर उभा होता. आणि पुण्याकडचे लोक आपल्याला ज्यावरून हसतात ते ‘मी येऊन राहिलो’. येतोय तर राहिला कुठे? त्या ‘राहणे’त मुक्काम नाही, काम चालू असल्याची खूण आहे. टाकणे, बसणे, जाणे, राहणे ही क्रियापदं दुसऱ्याच्या शेपटाला लागली की आपला मूळ अर्थ सोडून एक छटा देतात. इंग्रजीत ते काम ऑफ, आउट, अप ही चिल्लीपिल्ली करतात. हे सांगितल्यावर यादी काही लहान होत नाही, पण तिची भीती जाते.

कोश कसा पाहायचा हेही शिकवावं लागतं, कारण मोबाइलवर पोरं पहिला शब्द टाकतात आणि पहिलाच अर्थ घेतात. चांगल्या इंग्रजी कोशात शब्दाचे साधे अर्थ संपले की खाली वाक्प्रचारांचा वेगळा कप्पा असतो, जोडक्रियापदांचा आणखी वेगळा. ए. एस. हॉर्नबी नावाचा इंग्रज मास्तर जपानात शिकवत होता. आपल्या विद्यार्थ्यांचे हाल पाहून त्यानं सहकाऱ्यांसह एक कोश केला, तो १९४२ साली तोक्योत निघाला. आज आपण ऑक्सफर्डचा अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स म्हणतो त्याचं हे मूळ रूप, आणि त्याच्या पहिल्या नावातला पहिलाच शब्द होता ‘इडियमॅटिक’. परक्याला भाषा शिकवताना घोडं कुठे अडतं, हे त्याला वर्गात कळलेलं होतं.

अर्थ कळला तरी वापर कुठे करायचा हा प्रश्न उरतोच. ‘किक द बकेट’ पाठ झालेल्या एका उमेदवारानं इंग्रजीतल्या शोकसंदेशात तो घातलेला मी वाचला आहे. मराठीत आपण ‘देवाज्ञा झाली’, ‘वारले’, ‘गेले’, ‘खपला’, ‘गचकला’ यांतला फरक न शिकता जाणतो. शोकसभेत ‘गचकले’ म्हणणाऱ्याला लोक सभेबाहेर काढतील. म्हणून वहीत वाक्प्रचारासमोर नुसता अर्थ लिहू देत नाही. कोण, कुणाला, कुठे म्हणेल, हेही लिहायचं. मित्राला म्हणेल की साहेबाला?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. माझ्या पिढीला ते पाचवीत भेटलं. आजच्या पोरांना माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त मिळाली, तरी वाक्प्रचारापाशी दोघंही तिथेच अडतो. आयोगाच्या अभ्यासक्रमात मराठी आणि इंग्रजी दोन्हींचे वाक्प्रचार आहेत, आणि पोरं ते दोन वेगळ्या वह्यांत लिहितात. मी पहिल्या दिवशी एक वही बंद करायला लावतो.

हा उद्योग उलट दिशेनंही झालेला आहे. आल्फ्रेड मॅनवेरिंग नावाच्या पाद्र्यानं मराठी म्हणी गोळा करून, इंग्रजीत अर्थ देऊन १८९९ साली ऑक्सफर्डहून पुस्तक काढलं. शेती, जनावरं, शरीर अशा विषयांनी त्यानं त्या लावल्या. म्हणजे आमच्या पोरांसारखाच तोही कुठेतरी बसून म्हणत असणार, तूर इथे कशाला आली?

म्हणून आठवड्यातून एकदा मी उलटा धडा घेतो. मराठी वाक्प्रचार द्यायचा आणि तो इंग्रजीत शब्दाला शब्द लावून लिहायला सांगायचा. परवा ‘ताकास तूर लागू न देणे’ दिला. घाटंजीच्या मुलानं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : ‘ही डज नॉट लेट द तूर टच द बटरमिल्क.’ मागे सरकून स्वतःच वाचलं आणि हसायला लागला.

‘‘आता थो इंग्रज इचारन, ताकात तूर कायले पाह्यजे?’’

‘‘मग काय सांगशील त्याला?’’

‘‘सांगतो ना, आंधी मांगचं-पुढचं वाक्य वाच म्हणून.’’